राहून गेलेला तंतू

तिला सगळे चिमटी म्हणत. खरं नाव होतं, पण ते घरात कुणी रागावलं तरच निघायचं. हातात सतत चिमटा, म्हणून चिमटी.

स्टिकरचं दुकान दोघी बहिणींचं. ताई पुढे काउंटरवर, चिमटी मागच्या खोलीत मशीनपाशी. ही वाटणी कुणी केलेली नव्हती. ताई दगडालाही बोलतं करायची आणि चिमटीला अनोळखी माणसाने वेळ विचारली तरी घाम फुटायचा. संगणकात साठवलेली नक्षी निवडून बटण दाबलं की मशीन स्टिकरचा कागद मागेपुढे ओढायचं, वरून बारीक पातं फिरायचं, आणि नको तो भाग चिमटी चिमट्याने सोलून काढायची. लोकांच्या दारावरची नावं, दुकानांच्या काचांवरचं 'ढकला' आणि 'ओढा'. वर्षानुवर्षं ढकला आणि ओढा! दुसरं कुणी असतं तर कपाळ बडवून घेतलं असतं. चिमटीने मशीनला भलतंसलतं खायला घालायला सुरुवात केली.

आधी पतंगाचा कागद. तो चिकट शीटवर लावून कापला तर सुरेख गेला, पण काढताना चिंध्या झाल्या. मग तिने ती शीट आपल्या सुती बाहीवर थापटून थापटून अर्धी निकामी केली, तेव्हा कागद अलगद सुटला. कापड पुठ्ठ्यासारखं कडक होईपर्यंत खळीत बुडवलं. पातळ चामडं जमलं. शेवटी लाकडाचा पापुद्रा आणला, कागदाइतका पातळ. एकाच दमात कापायला गेलं की तो चिरायचा. पातं जेमतेम बाहेर ठेवून त्याच रेषेवरून दोनतीनदा हलकं फिरवलं की कापला जायचा.

हे कळायच्या आधी एकदा तिने पातं जास्त दाबलं होतं, आणि पात्याखालच्या पांढऱ्या पट्टीत खाच पडली. तेव्हापासून नक्षीचा जो भाग त्या खाचेवरून जाई, तिथे एक तंतू न कापता राही. "पट्टी बदल की," ताई म्हणायची. चिमटी बदलायची नाही. म्हणायची, "राहू दे. म्हातारं माणूस एक घास टाकतंच ताटात." काम संपलं की कात्रीच्या टोकाने ती तो तंतू उडवून टाकायची. ते बघायला ताई कधी मागे आली नव्हती.

त्या पापुद्र्यातून चिमटीने दिव्यांची झाकणं बनवली. त्यावर वेलीची पानं, पानांना शिरा. दिवा लावला की भिंतीवर अख्खी वेल चढायची. पहिला दिवा पाहून ताईने दुकानातले बाकीचे दिवे मालवले आणि भिंतीवरची वेल बोटाने गिरवून पाहिली. मग म्हणाली, "पुरेसे झाले की समोरच्या काचेत मांडू. वर पाटी तुझ्या नावाची." चिमटीने जगाची नावं कापली होती, स्वतःचं कधी नाही. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून ताई फार मायेने वागू लागली. "डोळे लाल झालेत तुझे. जा घरी, आईजवळ बस. मी बंद करते दुकान." चिमटी जायची. आईला म्हणायची, ताई किती करते गं. आई म्हणायची, जीव आहे तिचा तुझ्यावर.

एकदा ती दिव्यांसाठी वायर आणायला पलीकडच्या बाजारात गेली. घरसजावटीच्या एका मोठ्या दुकानाच्या काचेत तिची वेल लावलेली होती. एक नाही, ओळीने दिवे. तिला वाटलं, कुणीतरी नक्कल केली. आत जाऊन वाकून पाहिलं, तर एका पानाच्या कडेला तंतू. पुढच्या दिव्यावर त्याच पानाला, त्याच जागी. सगळ्यांवर.

हे तिच्याच मशीनवर कापलेलं होतं. आणि ज्याने कापलं त्याला तंतू काढायचा असतो हे माहीत नव्हतं.

तिचा हात आपोआप पर्समधल्या कात्रीकडे गेला. "अहो, हात नका लावू!" दुकानदार धावला. "तो धागा मुद्दाम ठेवतात त्या. स्टिकरवाल्या ताई. फार मोठ्या मनाची बाई, रात्रंदिवस खपून एकटीने करते म्हणे."

चिमटी पाय ओढत दुकानात परतली. ताईने तिचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारलंसुद्धा नाही.

"मला घरी पाठवायचीस," चिमटी म्हणाली.

"तू कुणाशी बोलली असतीस का?" ताई फणकारली. "तुझे दिवे कपाटात धूळ खात पडले असते. मी कापून नेले म्हणून लोकांनी पाहिले."

"नाव कुणाचं सांगितलंस?"

ताई काउंटरवरचे कागद सारखे करू लागली. ते आधीच सारखे होते.

परका असता तर चिमटी भांडली असती, निदान रडली असती. पण केसाने गळा कापणारा हात लहानपणी तिची वेणी घालणारा होता. तिला चीड दिव्यांची नव्हतीच. चीड होती त्या "डोळे लाल झालेत तुझे"ची. ते शब्द ती घरी जाताना वाटभर जपून न्यायची.

ती मागे गेली. पट्टीवरून बोट फिरवलं, खाच बोटाला लागली. आपला चिमटा उचलला आणि ती निघाली.

आईने दार उघडलं. "आज पण लवकर? ताईने पाठवलं वाटतं. बघ, किती काळजी तिला तुझी."

"नाही," चिमटी म्हणाली. "आज माझी मी आले."