रुसव्याची सायकल

लग्नात नवरदेवानं रुसायचं असतं, हे ग्यानबाला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्याकडं ती रीतच आहे. पंगत बसते, ताटात बुंदी पडते आणि नवरदेव हात आखडून बसतो. मग सासरा येतो, घड्याळ नाहीतर अंगठी काढून देतो, चार माणसं हसतात आणि नवरदेव लाजत लाजत पहिला घास घेतो. वरण गार व्हायच्या आत संपणारा खेळ. ग्यानबाचं चुकलं ते एवढंच, की १९९२च्या उन्हाळ्यात धरलेला रुसवा त्यानं २००४ उजाडलं तरी सोडला नाही.

बैठकीत मोटारसायकल ठरली होती. हुंडा म्हणून नव्हे. हुंडा घेणं आमच्याकडं वाईट समजतात, म्हणून त्याला मान म्हणतात. सासरे व्यंकटराव पळसवाडीचे हळदवाले शेतकरी, शब्दाचे पक्के. पण त्या साली हळदीचा कंद जमिनीतच सडला आणि मांडवात मोटारसायकलच्या जागी सायकल उभी राहिली. नवी कोरी, काळी, दणकट. साखळीच्या झाकणावर पिवळ्या रंगात ‘चि. ग्यानबा यांस सासरे व्यंकटराव यांजकडून सप्रेम भेट’ असं रंगवून घेतलेलं. घंटी तर त्यांनी खास हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेतून आणून ठेवली होती, तिच्या टोपणावर कमळ उठवलेलं होतं.

“सध्या ही चालवा, जावईबापू,” व्यंकटराव म्हणाले. “पुढल्या हळदीला मोटारसायकल पक्की.”

ग्यानबानं भर पंगतीत सांगितलं, “मग मोटारसायकलवर बसून यीन, तवाच तुमच्या घरचं पाणी पिईन.”

लोकांना वाटलं, खेळच चाललाय. सगळे पोट धरून हसले. व्यंकटराव मात्र हसले नाहीत. पुढं दोन वर्षांत हळद चांगली पिकली, मोटारसायकल घेणं त्यांना जड नव्हतं. पण चारचौघांत आपली इज्जत काढली म्हणून त्यांनीही मनात गाठ मारली, की येऊ दे ह्याला सायकलवरच. आता सासरा-जावयाच्या अशा हट्टात मधल्या बाईला कुणी काही विचारतं का? ग्यानबाच्या बायकोला, सखुबाईलाही कुणी विचारलं नाही.

ग्यानबाचं गाव खैरवाडी हिंगोली शहराच्या अंगाला, पळसवाडी पलीकडं, आणि दोन्हींच्या मध्ये सालदऱ्याचं जंगल. दुष्काळात रोजगार हमीवर केलेला एक रस्ता त्या जंगलातून जायचा. बाहेरून हमरस्त्यानं गेलं तर केवढा तरी वळसा, शिवाय ट्रकांची रांग. म्हणून ग्यानबा बायकोला कॅरिअरवर बसवून जंगलातल्या रस्त्यानंच सासुरवाडीला जायचा. जायचा म्हणजे वेशीपर्यंत. वेशीबाहेर एक चिंच होती. तिच्याखाली सायकल लावून तो बसे आणि सखुबाई एकटी आत जाई.

पाणी प्यायचं नाही ते सासऱ्याच्या घरचं. चिंच काही सासऱ्याचं घर नव्हे, तेव्हा तिथं यायला भाकरीला बंदी नव्हती. सासूबाई धुरपताबाई ताट झाकून पाठवायच्या आणि ग्यानबा ते झाडाखाली मांडी घालून संपवायचा. पाणी मात्र सोबतच्या बाटलीतलं. धोंड्याचा महिना आला, की जावयाचे अनारसे आणि पुरणाचे धोंडेही चिंचेखालीच यायचे. जावई झाडाखाली, दिवा झाडाखाली, ओवाळणी झाडाखाली. गावानं त्या झाडाचं नाव ‘जावयाची चिंच’ ठेवलं आणि पत्ता सांगताना लोक ते सर्रास वापरू लागले. आत घरात व्यंकटराव लेकीला विचारायचे, “जेवले का ते?” आणि बाहेर ग्यानबा बायकोला विचारायचा, “मामाची तब्येत कशी हाय?” काळजी दोघांनाही होती. हट्ट त्याहून थोडा जास्त होता.

ग्यानबाला ह्या साऱ्या फेऱ्या म्हणजे आपल्या अपमानाची मिरवणूक वाटायची. चढाला खाली उतरून सायकल ढकलायची, धापा टाकायच्या, आणि सासऱ्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावायचे. मागं बसलेल्या सखुबाईच्या मनात काय चाललंय, हे त्यानं कधी वळून पाहिलं नाही. घरात सासू, दोन जावा, नणंदा, दिवसभर माणसांचा राबता. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर ह्या रस्त्यावरच. ना मोटारी, ना माणसं. मोर आडवा जायचा, कधी रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप थांबून बघायचा. उताराला सायकल सुटली, की ती नवऱ्याच्या सदऱ्याला धरून चक्क गुणगुणायची. ग्यानबा म्हणायचा, “काहून खुश हून राहिली? म्या हितं घामानं न्हालो.” ती गप्प बसायची. खरं सांगितलं असतं तर त्यालाच वाईट वाटलं असतं.

मग १९९९ साली हिंगोली जिल्हा झाला. जिल्हा म्हटलं की साहेब आले, आणि साहेब म्हटलं की त्यांच्या पोटाचे घेर आले. थोड्याच वर्षांत शहरातले डॉक्टर, वकील, बँकवाले सकाळी सायकली चालवू लागले. सायकल मोटारीच्या टपावर बांधून जंगलापर्यंत आणायची, खाली उतरवायची, तासभर चालवायची आणि पुन्हा टपावर चढवून मोटारीनं घरी जायचं. ग्यानबाला हे पाहून पहिल्यांदा वाटलं, बिचाऱ्यांची मोटार बिघडली असणार.

त्या रस्त्यावरून काळ्या-पिवळ्या जीपाही धावू लागल्या होत्या. खच्चून भरलेल्या, धूळ उडवत, सायकलवाल्याला खड्ड्यात ढकलत. जंगलाचे एक मोठे साहेब एकदा पाहणीला आले. जंगल राखीव होणार होतं, रस्त्यावर डांबर पडणार होतं आणि गाड्यांचं काय करावं, हे त्यांना एखाद्या स्थानिक माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. नेमका त्याच वेळी धुळीनं पांढरा झालेला ग्यानबा सायकल ढकलत समोर आला.

“इथं मोटारगाड्या बंद केल्या तर तुम्हाला तकलीफ होईल का हो?” साहेबांनी विचारलं.

“आजाबात न्हाई!” ग्यानबा तावातावानं म्हणाला. “बंदच करा साहेब. जीप न्हाई, मोटारसायकल न्हाई, काईच नगं. सायकलीवाल्याला जगू द्या जरा.”

साहेब खुश झाले. सोबतच्या बातमीदारानं फोटो काढला. तो पेपरात छापून आला, खाली ‘जंगलाचा खरा मित्र’ असं लिहिलेलं. ग्यानबानं आठवडाभर तो गावात दाखवला. हिवाळ्यात रस्त्याच्या दोन्ही तोंडांना लाकडी फाटकं बसली, खैरवाडीच्या फाटकावर लालसिंग नावाचा गार्ड आला आणि त्यानं तो फोटो कातरून चौकीच्या भिंतीवर चिकटवला. येता-जाता ग्यानबा त्याच्यासोबत तंबाखू मळायचा. आपल्यासाठी साहेबानं फाटक बसवलं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

२००४च्या उन्हाळ्यात व्यंकटरावांना अर्धांगवायू झाला. एक बाजू गेली, डोळ्यांवर सारा येऊन दिसेनासं झालं. हट्टी माणसाला अंथरूण मिळालं, की तो एकतर मऊ होतो नाहीतर आणखी ताठतो. व्यंकटराव मऊ झाले. मुलगा गोपीचंद, म्हणजे ग्यानबाचा मेहुणा, त्याला जवळ बोलावून म्हणाले, “गाडी घेऊन दे त्याला. माझ्या जिवंतपणी जावई घरात जेवला पाह्यजे. मंग मी मोकळा.”

अधिक श्रावण लागला होता, म्हणजे धोंड्याचाच महिना. गोपीचंदनं हिंगोलीतून नवी लाल मोटारसायकल हार घालून थेट खैरवाडीला आणून उभी केली. बारा वर्षांचा मान दारात उभा राहिला. ग्यानबानं दोन दिवस शेतात गाडी शिकण्यात घालवले आणि जुनी सायकल त्याच खुशीत लालसिंगला देऊन टाकली. लालसिंग फाटकावर सायकली भाड्यानं ठेवायचा, शहरातून रिकाम्या हातानं येणाऱ्यांसाठी. त्यानं ती बाकीच्यांसारखी हिरवी रंगवून रांगेत लावली.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. म्हाताऱ्याला बरं नाही, डॉक्टरानं मान हलवलीय, आजच्या आज या. ग्यानबानं पांढरं धोतर नेसलं, फेटा बांधला, सखुबाईला मागं बसवलं आणि मोटारसायकल जंगलाकडं काढली. फाटक आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण फाटकं बाहेरच्यांसाठी असतात आणि लालसिंग तर घरचा माणूस, असा त्याचा हिशेब होता.

लालसिंगनं फाटक उचललं नाही.

“मोटारसायकल न्हाई जाऊ देता येत, ग्यानबाभाऊ.”

“आरं, मी हाय मी!”

“तुमीच हाव, म्हणूनच तर पंचाईत हाय.” लालसिंगनं भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. “तुमच्यासाठी सोडली तर मी ह्या साहेब लोकांला काय सांगू?”

साहेब लोक शेजारीच मोटारीच्या टपावरून सायकली उतरवत होते. त्यांतल्या एका डॉक्टरांनी ग्यानबाला ओळखलं आणि सोबतच्यांना कौतुकानं सांगितलं, की हेच ते, ह्यांच्यामुळंच आपल्याला हा रस्ता मिळाला. सगळ्यांनी त्याला नमस्कार केला. एवढा जीव जळत असताना ग्यानबाला नमस्कार घ्यावा लागला.

“हमरस्त्यानं जाऊ,” तो सखुबाईला म्हणाला. पण आवाजात दम नव्हता. दोन दिवसांत शिकलेली गाडी, पावसानं निसरडा रस्ता आणि समोरून ट्रक.

सखुबाई खाली उतरली. बारा वर्षांत तिनं ह्या प्रकरणात तोंड उघडलं नव्हतं. ती थेट भाड्याच्या सायकलींपाशी गेली आणि एकीच्या हँडलला हात घालून उभी राहिली.

“माजा बाप तिकडं वाट पाहून राहिला,” ती म्हणाली. “तुमाला यायचं तर या. न्हाई तर मी चालत चालले.”

ग्यानबा मोटारसायकलकडं बघत राहिला. मग त्यानं किल्ली लालसिंगच्या हातात दिली आणि सखुबाईनं धरलेली सायकल घेतली. पायडलवर पाय ठेवताच त्याला कळलं. ताज्या हिरव्या रंगाखाली साखळीच्या झाकणावर जुनी अक्षरं फुगून दिसत होती. देऊन टाकलेली आपलीच सायकल भाड्यानं घ्यायची पाळी त्याच्यावर आली होती.

चढाला ग्यानबा उतरला नाही, उभं राहून पायडल मारत राहिला, फेटा सुटून खांद्यावर आला तरी थांबला नाही. उताराला मागून गुणगुणणं आलं नाही, फक्त सदऱ्यावरची तिची मूठ घट्ट झाली. ह्या रस्त्यावर ती किती वेळा गात आली होती, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा आठवलं.

चिंचेपाशी सायकल आपोआप थांबली. सखुबाई उतरून मागं न बघता आत गेली. ग्यानबा झाडाखाली उभा राहिला. बसला नाही. मग त्यानं हँडल वळवलं आणि सायकल हातात धरून थेट व्यंकटरावांच्या अंगणात नेली.

म्हाताऱ्याची बाज ओसरीवर होती. डोळे उघडे, पण नजर कुठंच ठरत नव्हती. सखुबाई उशाशी बसली होती, धुरपताबाई पदर तोंडाला लावून खांबाला टेकली होती.

“कोन हाय?” व्यंकटरावांनी विचारलं.

“मी हाय, मामा. ग्यानबा.”

“आलाव?” म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. “गाडीवर आलाव ना? आवाज न्हाई आला.”

धुरपताबाईनं जावयाकडं हात जोडले. ग्यानबाला कळलं, खरं सांगायचं नाही.

“व्हय. गाडीवरच आलो. लई गुमान चालती.”

“पेट्रोल किती खाती?”

“थेंबभर न्हाई.”

“जवळ आणा.”

ग्यानबानं सायकल बाजेला भिडवली. व्यंकटरावांचा चालता हात हँडलवरून चाचपडत सरकला आणि घंटीवर थांबला. अंगठा टोपणावरच्या कमळावरून हळूहळू फिरला, पुन्हा फिरला. मग त्यांनी घंटी वाजवली.

“ही तर म्या देलेलीच हाय,” म्हातारा म्हणाला.

“व्हय, मामा.”

“मंग बारा वर्सं बाहेर काहून बसला व्हता, बापू?”

सखुबाईनं उठून पाण्याचा तांब्या ग्यानबाच्या हातात दिला. तो उभ्यानंच प्यायला, आणि पाणी संपलं तरी त्याला तोंडावरून तांब्या खाली घेववेना.