कंपोझिटरची अर्धी मिशी

मिशी असावी तर आमच्या कंपोझिटरसारखी. दोन्ही टोकं अशी वळलेली की वर लिंबू ठेवलं तर घरंगळायचं नाही. आणि माणूस? लिंबापेक्षा आंबट. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, म्हणून सांगतो, मिशी फार चांगली होती.

हा छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाच्या खिळ्याच्या डोक्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं. तसली उलटी अक्षरं ओळीत लावण्यात त्याचा जन्म गेला. औषधांच्या चिठ्ठ्या, यंत्रांची माहितीपत्रकं, सगळं इंग्रजीत. शब्द बोटांत मुरलेले, अर्थाच्या नावाने शंख. विचारलं तर म्हणायचा, "अर्थ ज्याला औषध घ्यायचंय त्याने बघावा."

रविवारी गिऱ्हाईक आटोपलं की सलूनच्या बाकावर शब्दांचा खेळ मांडला जायचा. पिशवीतून सात लाकडी सोंगट्या काढायच्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. समोरच्याला नुसत्या पाठी दिसतील अशा त्या आपल्या पट्टीवर उभ्या करायच्या आणि शब्द जुळवून पटावर मांडायचे. माझं इंग्रजी गावच्या शाळेतलं. छडीबरोबर आलं, वळ बुजल्यावर गेलं. मी आपला फुकटचा बघ्या, पण अशी करमणूक पुन्हा व्हायची नाही.

कंपोझिटर कायम आरशाकडे तोंड करून बसायचा. "मला उजेड लागतो." समोर बहुतेक त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पोस्टमन. देवाने गरीब गाय करायला घेतली आणि चुकून खाकी गणवेश चढवला.

"काय मेहुणे, क्यू आला आणि यू नाही? मग क्यू असलेला पण यू नसलेला शब्द सांगा की! पाकिटावरचे पत्ते वाचून एवढंही येत नाही?"

बिचारा घामाने चिंब. कंपोझिटर नेमकी त्याला हवी ती जागा अडवायचा, जणू त्याच्या पोटात शिरून बघून आलाय. हरणाऱ्याची अर्धी मिशी काढायची आणि दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होईपर्यंत उरलेल्या अर्धीला हात लावायचा नाही, हा नियमही त्यानेच काढलेला.

एका रविवारी पोस्टमन रडकुंडीला आला. "दाजी, संध्याकाळी मुलगी बघायला जायचंय. उद्या काढा. हवी तर सगळी काढा."

"नियम म्हणजे नियम," कंपोझिटर म्हणाला आणि न्हाव्याला खूण केली.

मुलगी त्याच्या टपालाच्या वाटेवर शिवणकाम करायची. दोघांचं नजरेनजरेत ठरलंच होतं, फक्त थोरांनी हो म्हणायचं बाकी. गेला अर्ध्या मिशीने. मुलीच्या आजीला हसून ठसका लागला आणि बाप म्हणाला, "मिशीचा निकाल लागला की कळवा." मुलगी आत गेली ती बाहेर आलीच नाही. पुढे तिचं दुसरीकडे ठरलं. पत्रिकांचे खिळे जुळवले दाजींनी आणि त्या घरोघर पोचवल्या कुणी? आमच्याच पोस्टमनने. आता बोला!

यानंतर एकदा तो ताईकडे जेवायला गेला. दाजी आरशासमोर मिशी कातरत होते, मागे ताई त्यांच्याकडे पाठ करून पत्र वाचत होती. दाजी न वळता म्हणाले, "तिसऱ्या ओळीत तुझ्या मैत्रिणीने माझ्याबद्दल काय लिहिलंय ते जरा मोठ्याने वाच ना."

पोस्टमनचा घास हातातच राहिला. आरसा सलूनमध्येही होता, पण आरशातली उलटी अक्षरं कुणाला वाचता येतील असं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

ताईने भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दाजी बाहेर गेल्यावर एवढंच म्हणाली, "माझी पत्रं ते कायम अशीच वाचतात. तू आरशाकडे पाठ करून बसतोस ना रे? मग त्यांना जे बघायचंय ते दाखव."

न्हावी लगेच सामील झाला. त्याच्याकडे जुन्या खेळाच्या सोंगट्या होत्या, पट वाळवीने खाल्लेला. त्यांतल्या सात पोस्टमनच्या पट्टीवर उभ्या राहिल्या. पिशवीतून निघालेल्या खऱ्या सात मांडीवर, टपालाच्या थैलीत. मला हे आधीच सांगितलं होतं. हसू दाबून माझ्या बरगड्या दुखल्या.

त्या रविवारी कंपोझिटर भलताच खुशीत होता. दुसऱ्या दिवशी तो निवृत्त व्हायचा होता आणि सकाळी छापखान्याच्या मालकाशेजारी बसून फोटो निघायचा होता. डाव अटीतटीला आला. आरशात त्याला दिसत होता क्यू, एक्स, झेड, सगळा भंगार माल. निर्धास्तपणे त्याने कोपऱ्यातली मोठी जागा मोकळी सोडली.

पोस्टमनने थैलीतून सातही सोंगट्या काढून एका दमात मांडल्या. पोस्टेज.

"खोटं!" कंपोझिटर ताडकन उठला. "तुझ्याकडे ही अक्षरं नाहीतच! क्यू होता, झेड होता, एकही स्वर नव्हता!"

न्हाव्याने वस्तरा पट्ट्यावर घासायला घेतला.

"पाठीमागून कसं दिसलं, दाजी?" पोस्टमनने विचारलं.

कंपोझिटरची नजर आरशाकडे गेली. आम्ही सगळेही वळून आरशात बघू लागलो, आणि त्यात सगळ्यांत मध्ये तोच उभा होता, तोंड उघडं टाकून.

"मेहुणे," आवाज एकदम मऊ, "उद्या फोटो आहे हो. आता काही पोरवयाचा नाही मी. सगळी काढा, पण अर्धी नको."

"नियम म्हणजे नियम," पोस्टमन म्हणाला. "डावी."

न्हाव्याने इतक्या प्रेमाने साबण लावला की काय सांगू! डोळे मिटू दिले नाहीत. "बघा बघा, आरशात नीट बघा, उजेड आहे ना?" मी पोट धरून हसलो. अजून आठवलं की हसतो. तो फोटो छापखान्यात कितीतरी वर्षं होता. मालक हसताहेत, आणि शेजारी कंपोझिटर नाकाखाली रुमाल धरून, सर्दी झाल्यासारखा.

पोस्टमन त्या संध्याकाळी दाजींना घरापर्यंत सोडायला गेला. वाटेत शेजारपाजारचे जमलेच. ताईने दार उघडलं. नवऱ्याच्या ओठावर पंजा होता, तो तिने हळूच खाली केला आणि निवांत न्याहाळलं.

"या," ती म्हणाली. "आरसा देऊ?"