कुंकू लावलेली सीडी
खंडेनवमीला कुंकवाची डबी उघडली की मला जवळा बाजारचा आमचा कॉम्प्युटर क्लास आठवतो. तांड्यावरची एक बाई कापसाची वेचणी सोडून महिनाभर तिथं माझ्याकडं शिकायला येत होती. त्या दिवशी तिची परीक्षा एका दिवसावर आली होती. ती द्यायची होती कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरवर. तो मात्र आम्ही परीक्षेच्या सीडीवरून उतरवलेल्या प्रतीवरून सुरूच होईना. मी सकाळपासून एकेक सेटिंग बदलून पाहत होतो. क्लास चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "काहून तकलीफ घेता सर? परीक्षा पुढं ढकला." "न्हाई सायेब," बाई म्हणाली, "पुढं मला सवड न्हाई. सर, मूळ शीडी तर बघा." बघितली. क्लासच्या उद्घाटनाच्या दिवशी तासभर भाषण करून अध्यक्षांनी त्या सीडीची पूजा केली होती, आणि कुंकवाचं बोट नेमकं चकाकत्या बाजूला उमटलं होतं. प्रत उतरवताना पडद्यावर आलेला चुकीचा इशारा मीही न वाचताच बंद केला होता. बाईनं साबणाच्या पाण्यानं सीडी हलक्या हातानं पुसली, मी नवी प्रत उतरवली आणि संध्याकाळच्या आत तो आभासी कॉम्प्युटर सुरू झाला. "बघा, पूजा बराबर लागू झाली," अध्यक्ष म्हणाले. बाई पास झाली. आज मी लॅपटॉपच्या झाकणाला कुंकू लावतो, आणि पडद्यावर काही इशारा आला तर आधी तो वाचतो.