तिसऱ्या दगडावरचा सहा

ओनोरे दालेला सायकलचा कंटाळा आला होता, आणि हे तो कुणाला सांगू शकत नव्हता. सत्तावीस वर्षं ज्यानं फ्रान्समधल्या बोजच्या डोंगरांतल्या सायकलवाटांवर खुणा लावल्या, त्यानंच असं काही बोलायचं म्हणजे गावानं वेड्यात काढलं असतं. म्हणून तो रोज सकाळी निमूट उठे, गुडघ्यांना मलम चोळी, सायकलीमागे छोटी गाडी अडकवी, तिच्यात पाने, पत्र्याचे बाण आणि पिवळ्या रंगाचा डबा टाकी आणि निघे. नोकरीचा हा शेवटचा उन्हाळा. नोव्हेंबरपासून पार्कचं, म्हणजे सरकारी निसर्गउद्यानाचं, काम बंद, मग एकदाचं झोपायचं, एवढंच त्याच्या मनात असे.

त्याचं काम दिसायला सोपं. वळणावरचा बाण बर्फानं वाकला की सरळ करायचा, कुणी पळवला की नवा ठोकायचा. जबाबदारीचं काम होतं ते दगडांचं. आमच्याकडे खिंडीकडे चढणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर किलोमीटरगणिक पिवळ्या डोक्याचा दगड असतो. त्यावर दोन आकडे. खिंड अजून किती लांब, आणि पुढचा किलोमीटर किती टक्के चढाचा. दगडाचं नावही उरलेल्या अंतरावरून, खिंड तीन किलोमीटर राहिली की तिसरा दगड. बाहेरून येणारे प्रवासी तो वाचतात आणि पाणी पितात. आम्ही मात्र त्या आकड्यांवर माणसं जोखतो. अमका सत्तरीतही आठ टक्के बसून चढवतो, तमक्याला आता पाचच्या वर झेपत नाही. सोयरिक जुळवतानासुद्धा कुणीतरी हळूच विचारतंच की मुलगा फ्रेदियेरची खिंड न उतरता चढतो का म्हणून.

या फ्रेदियेरच्या खिंडीवर सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या ला व्हार्झ गावचं सायकल मंडळ चढाई करतं. नियम जुना आणि कडक. वाटेत पाय टेकला तो रांगेतून गेला. त्यानं मंडळाची जर्सी उतरवायची आणि पुढच्या वर्षापासून सामानाच्या व्हॅनमधून वर येऊन इतरांना सूप वाढायचं. यात एकच सवलत. जिथं पाय टेकला तिथल्या दगडावर सात किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर माफी. सातला कुणाचाही पाय टेकू शकतो, असं मंडळाचा अध्यक्ष क्लोविस फ्रांकोझ म्हणतो. हा क्लोविस जन्मभर पोस्टमन होता. उशिरा आलेलं पत्र आणि टेकलेला पाय, दोन्हींचा त्याला सारखाच राग.

ओनोरेची बायको जोझेत हिनं एकवीस वर्षांपूर्वी तिसऱ्या दगडाच्या पुढं पाय टेकला. दगडावर सहा होता. तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि गावातल्या बायकांत तिच्याइतकं दमदार कुणी नव्हतं. क्लोविसला वाईट वाटलं होतं, पण नियम तो नियम. जोझेतनं तिथंच रस्त्यात जर्सी काढून घडी घातली, त्याच्या हातात दिली, आणि त्याच आठवड्यात सायकल खालच्या गावातल्या एका मुलीला देऊन टाकली. त्यानंतर दर वर्षी ती व्हॅनमधून वर जाते आणि लीक नावाच्या जाड कांद्यापातीचं आणि बटाट्याचं सूप वाढते. सूप फार चांगलं करते हो. सगळे म्हणतात, आणि ती मान हलवते.

यंदा जूनमध्ये पार्कच्या कचेरीतून माएल नावाची नवी मुलगी आली. तिच्याकडे काठीवर बसवलेलं उपग्रहाचं यंत्र होतं. सगळ्या खिंडी नव्यानं मोजायच्या असा हुकूम होता आणि वाट दाखवायला ओनोरे. तिसऱ्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत मोजून झाल्यावर ती यंत्राकडे बघत उभी राहिली.

"ओनोरे, इथं काहीतरी घोटाळा आहे. दगडावर सहा आहे. माझं यंत्र नऊ दाखवतंय."

"परत मोज."

"दोनदा मोजलं. नऊच. कुणी मोजलं होतं हो हे?"

"मी," ओनोरे म्हणाला.

पोरगी ओशाळली. "जाऊ द्या. तेव्हाची साधनंच तशी होती," असं म्हणून तिनं काठी उचलली.

साधनाचा काही दोष नव्हता. ओनोरेला मोजणीचा तो दिवस लख्ख आठवला. काट्याचा उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. दाब वाढला की आपण बसल्या जागी काटा खाली उतरतो. म्हणून मोजणी करताना मध्ये कुठं थांबलात तर काटा किती होता ते लिहून ठेवायचं आणि उठताना तो तिथंच आणून मग निघायचं. हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्या दिवशी सकाळी धुकं होतं. तिसऱ्या दगडापुढं निम्म्या वाटेवर कुरणातल्या चीजवाल्यानं हाक मारली, ओनोरे जेवायला बसला. पोलेंटा म्हणजे मक्याची घट्ट लापशी होती, सॉसेज होते, वाईन होती. मग गवतात जरा पाठ टेकली ती अडीच तास. उठला तेव्हा आभाळ स्वच्छ झालेलं, दाब चढलेला, काटा तीस मीटर उतरलेला, आणि हा शहाणा काटा न बघता तसाच पुढं मोजत गेला. वर पोचल्यावर बेरीज खिंडीच्या पाटीपेक्षा तीस मीटर कमी आली. तेव्हा तरी डोकं चालवायचं. पण हा दमलेला, संध्याकाळ होत आलेली. जिथून मोजायला सुरुवात केली त्या खालच्या गावच्या उंचीचाच आकडा चुकीचा असणार म्हणून यानं हिशेब मिटवला आणि दगडावर सहा रंगवला.

जून गेला, जुलै गेला. इतर सगळ्या दगडांवर नवे आकडे चढले, तिसरा तसाच. माएल विचारायची, ओनोरे म्हणायचा रंग संपलाय, पाठ धरलीय, पाऊस आहे. खरं तर त्याला झोप येत नव्हती. आकडा गुपचूप बदलावा आणि कचेरीनं बदलला म्हणावं, कोण विचारतंय? जोझेत तर विचारणारच नाही, ती त्या दगडाकडे बघतसुद्धा नाही. पण न सांगावं तर ती जन्मभर सूप वाढणार, आणि सांगावं तर एकवीस वर्षांचं काय करायचं? कामाचा शीण झोपून जातो. हा शीण काही जाईना. चढाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, तो एकटाच वर गेला, सहावर रंग फासला, वाळू दिला, आणि नऊ काढला. मग दुपारी घरी आला.

जोझेत उद्याच्या सुपासाठी लीक चिरत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जेवण, झोप, काटा, तीस मीटर. ती चिरत राहिली. सुरी जरा हळू झाली, एवढंच.

"म्हणजे नऊ होते," ती म्हणाली.

"नऊ."

"तुला त्या जागी दम लागायचा का रे?"

"लागायचा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मला वाटायचं माझंच काहीतरी होतंय. दगडावर सहा होता ना."

"तुझा दगड तुला तुझ्या पायांपेक्षा खरा वाटला. बरं, ते तुझं तू बघ. माझे पाय का खोटे ठरवलेस? मी तिथं हँडलवर डोकं टेकून उभी होते आणि तू मागून आलास. काय म्हणालास आठवतं?"

ओनोरेला आठवत होतं. सहाच तर आहे जोझेत, असं म्हणाला होता तो, धापा टाकत. मग थांबला नव्हता, पुढं गेला होता.

"चुकलो मी," तो म्हणाला.

"चुकलास ते जेवायला बसलास तेव्हा. त्याचं मला काही नाही, माणूस जेवणारच. पण तुला दम लागत होता आणि तू मला एकटीला दमलेली ठरवलंस." तिनं लीक पातेल्यात लोटले. "उद्या क्लोविसला तू सांग. सगळ्यांसमोर. मी सांगणार नाही."

रविवारी सकाळी आठला चौकात कारंज्यापाशी बावीस सायकली उभ्या होत्या. जोझेत व्हॅनपाशी सुपाचं पातेलं चढवत होती. ओनोरेनं जर्सी घातली नव्हती. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, काल घरी सांगितलं होतं तितकंच, एक अक्षर कमी नाही. कुणी हसलं नाही. दोघातिघांनी खाली पाहिलं, कारण तिसऱ्या दगडापाशी त्यांचाही जीव दर वर्षी जायचा आणि कुणीच कधी बोललं नव्हतं.

 क्लोविस चौकातल्या आपल्या घरात गेला आणि एक जर्सी घेऊन आला, घडी तशीच, कडा पिवळ्या पडलेल्या.

"नऊ म्हणजे माफी. नियमच आहे. जोझेत, तू कधी रांगेतून गेलीच नव्हतीस," तो म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जोझेतनं जर्सी हातात घेतली. "क्लोविस, चव्वेचाळीसची होते मी. नऊ आहेत हे कळलं असतं तर जरा उभी राहिले असते, पाणी प्यायले असते आणि परत बसले असते. पुढच्या वर्षी परत आले असते. अजून पंधरा वर्षं सहज चढले असते रे. मी सायकल देऊन टाकली, कारण मला वाटलं मी संपले. आता पासष्टची आहे, खुब्यात खिळे आहेत. ही घालून कुठं जाऊ?"

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. ओनोरे म्हणाला, "व्हॅन मी चालवतो. सूपही मीच वाढीन, आजपासून कायम."

"वाढ," जोझेत म्हणाली. "मीठ घातलेलं नाही, बघून घाल."

आणि जर्सी क्लोविसच्या सायकलीवर ठेवून ती घरी गेली.