काठीची उलटी सावली

भिजवलेल्या चुन्याचा वास आला की वर्ध्याजवळचं आमचं अंगण आठवतं. मोठ्या आईचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकूचा, घड्याळावर विश्वास नव्हता. अंगणात रोवलेल्या काठीची सावली स्वयंपाकघराकडच्या चुन्याच्या रेघेवर आली की ती जेवायला हाक मारायची. एका जूनमध्ये भरदुपारी सावली चार बोटं उलटी, तिचं जिच्याशी कायमचं वाकडं होतं त्या शेजारणीच्या कुंपणाकडे पडली. “तिनंच काठी हलवली!” मोठी आई कडाडली. शिक्षक असलेले बाबा म्हणाले, “वहिनी, सूर्य कर्कवृत्तावर गेला, आपल्या उत्तरेले.” “तुमचं वृत्त कोणी पाह्यलं? तिले तं मी रोज पाहून राह्यली.” दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून काठीपाशी बसली. कोणी फिरकलं नाही, तरी सावली उलटीच पडली. तिनं सूर्याकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. “याले बी फितवलं तिनं.” कर्कवृत्त आता मी वर्गात शिकवते, जूनच्या दुपारी मात्र सावलीआधी कुंपणाकडेच नजर जाते.