मामांच्या हाताचा गुण

औंढ्यापासून वारंगा फाट्यापर्यंत असा एकही ताप नसेल, जो माझ्या मामांनी स्वतःच्या हाताने उतरवलेला नाही. निदान मामांचं तरी तसंच म्हणणं आहे. फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान आहे, पण त्यांचा जीव टायरपेक्षा तापात जास्त. ट्रकवाल्यांची अंगदुखी असो की शेजारणीची कणकण, सदऱ्याच्या खिशात गोळी तयार. गोळी कोणती, यापेक्षा ती कुणाच्या हातून मिळाली याला आमच्याकडे मोल. हाताला गुण असावा लागतो, आणि तो मामांच्या हाताला आहे, हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांनाच मान्य. एका ड्रायव्हरने घाईत स्वतःच पाकीट फोडलं, तर मामांनी तोंडाशी गेलेली गोळी परत मागून घेतली, पूर्वेकडे तोंड केलं आणि तीच त्याच्या तळहातावर ठेवली. साध्या पॅरासिटामॉलला मात्र ते गोळीच मानत नाहीत. "ही लेकरायची," म्हणतात. त्यांची जोडी ठरलेली: अंगदुखीची एक जोरदार आणि सर्दीची एक. दरदरून घाम फुटला की मामा खूश.

यंदा तापाची साथ आली. आधी बाबा, मग मी, आणि मी जेमतेम उठते तोवर आई पडली. भांडी घासतानाही धाप लागत होती मला. डॉक्टरांनी आईचं रक्त तपासायला पाठवलं. डेंग्यूचा रिपोर्ट येईपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय काही देऊ नका, अंगदुखीची गोळी तर अजिबात नको, आणि पोट दुखलं, उलट्या झाल्या किंवा कुठून रक्त आलं तर लगेच घेऊन या, असं त्यांनी मला बजावलं. पण आई माझ्या हातून गोळी घेईना. "दादा येऊ दे," एवढंच म्हणाली.

मामा आले आणि त्यांनी खिशातून जोडी काढली. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, पण मोठ्यांना नको म्हणणं मला अजून जमत नाही. तरी म्हणाले,

"मामा, ही नका देऊ."

"काहून? कॉलेजात ताप उतरवायला शिकवून राहिले व्हय?"

"डॉक्टर म्हणाले, डेंग्यू असला तर या गोळीनं रक्त जाऊ शकतं. आणि तुमच्या सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल आहेच. वरून आणखी दिली तर डबल होतं."

मामांनी पाकीट डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं. मग आईकडे पाहिलं. "एकच बहीण हाय मला," म्हणाले. जोडी परत खिशात गेली. "आण तुझी ती लेकरायची."

त्यांनी दिली आणि ताप उतरला. मामा मिशीवर हात फिरवत शेजाऱ्यांना दिसतील असे दारात उभे राहिले. दुपारी ताप पुन्हा चढला.

"दे, अजून एक दे!"

"सहा तास होऊ द्या, मामा. हा ताप चढतो-उतरतोच. गोळी नुसता आराम देते."

मी आईला घोट घोट पाणी पाजत होते, कपाळावरची पट्टी बदलत होते. मामा खाटेशी बसून आपल्याच हातांकडे बघत होते. एवढे थकलेले मामा मी कधी पाहिले नव्हते. पुढे रिपोर्टात डेंग्यूच निघाला आणि आई सावकाश बरीही झाली, पण त्या दुपारी हे कुणाला माहीत होतं?

वेळ झाली तेव्हा मामांनी गोळी माझ्याकडे सरकवली. "पोरी, तूच दे आता. माझा गुण गेला."

आईने डोळे उघडले आणि भावापुढे तळहात पसरला.

"उतरला न्हाई तरी चालंल, दादा. तूच दे."