हेलियम संपत आलं तेव्हा

बारामतीच्या आमच्या शेडमधला पत्रे कापायचा लेसर एके काळी असा तळपायचा, की इंदापुरात लोक गॉगल लावून जेवायला बसायचे. तो किरण डोळ्यांना दिसतच नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी गप्प बसावं.

मशीनच्या पोटात तीन वायू. वरातच म्हणा. नायट्रोजन हलगी बडवून चेतवणार, कार्बन डायऑक्साइड नाचणार, आणि हेलियम त्या तापलेल्या नाचऱ्याला गार करून पुन्हा उभं करणार. म्हणून सगळ्यांत जास्त लागतं ते हेलियमच.

मालक सांगवीचे ऊसवाले, आमचे तात्या. कामं आटत आटत एकच गिऱ्हाईक उरलेलं, इंदापूरचा ट्रॉलीवाला. संध्याकाळपर्यंत त्याचे जाड पत्रे कापून झाले नाहीत, तर तो शेजारच्या नव्या फायबर लेसरकडे जाणार होता. त्या मशीनला ही वरात लागतच नाही. आणि नेमकं आमचं हेलियम तळाला गेलेलं. नवी टाकी आठवडाभर मिळणार नव्हती.

“किरण कशानं पडतो रं?” तात्यांनी विचारलं.

“कार्बन डायऑक्साइडनं.”

“मग त्योच वाढीव की! हेलियम कर निम्मं.”

“तात्या, गॅस तापंल. किरण मरंल.”

“युरिया वाढवल्यावर ऊस मरतो व्हय?”

“लोळतो, तात्या.”

“आता तू मला ऊस शिकीव! फिरव गॅसची चावी.”

मला सगळं कळत होतं. तरी फिरवली. नाही फिरवली असती, तरी शेड बंदच पडणार होती.

पहिला पत्रा अर्धाच चिरला, खाली वितळलेल्या लोखंडाची दाढी लोंबली. “आजून वाढीव,” तात्या म्हणाले. वाढवलं. नळीतला उजेड थरथरला, आतला आरसा टिचकन तडकला, आणि मशीन थांबलं.

ट्रॉलीवाल्याच्या टेम्पोत पत्रे परत चढवताना तात्यांनी स्वतः हात लावला. मग म्हणाले, “आरसा मिळंल न्हवं?”

“मिळंल की. पंधरा दिवसांत.”

त्या मॉडेलचे आरसे बनायचे कधीच बंद झाले होते.

त्याला आता वर्ष होत आलं. तात्या रोज सकाळी येतात आणि मशीन गार ठेवणाऱ्या पाण्याचा पंप घटकाभर चालवतात, आरसा येईपर्यंत नळ्या गंजू नयेत म्हणून. मी बाजूला उभा राहून पाण्याची पातळी बघतो.